पेन्सिलीच्या आधी पिठाचा गोळा

संत तुकाराम महाराजांची पालखी यवतला मुक्कामी येते, त्या दिवशी गावात घरोघरी चुली पेटतात. वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढण्याची इथली प्रथा साऱ्या पालखीमार्गावर ओळखीची आहे. भाकऱ्या थापणाऱ्या बायांच्या शेजारी एखादी चार वर्षांची नात हमखास लुडबुडत असते. आजी तिच्या हातावर पिठाचा लहानसा गोळा ठेवते. ती तो तळव्यांत वळते, परातीत पिठी पसरते, थापायला लागते. पाणी कमी पडले की कडा फाटतात, जास्त झाले की गोळा बोटांना चिकटतो. दोन-तीनदा मोडून पुन्हा वळल्यावर एक वेडीवाकडी चानकी तव्यावर पडते आणि ती कोणाला वाढायची यावरून भांडण सुरू होते.

घरच्यांच्या लेखी हा पोरखेळ. बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने पाहिले, तर त्या अर्ध्या तासात बरेच काही घडलेले असते. दोन्ही हात एकमेकांशी जुळवून घेतात, किती जोर लावायचा याचा अंदाज बोटांना येतो, डोळा हातामागे धावतो. ‘घट्ट’, ‘सैल’, ‘गोल’, ‘जाड’, ‘पातळ’ हे शब्द मुलीला अनुभवातून कळतात. चूक झाली तर ती कोणी रागावण्याआधी पीठच दाखवून देते आणि दुरुस्तही लगेच करता येते.

शाळा उघडली की याच मुलीच्या हातात पेन्सिल येते. चौकटीच्या वहीत एकच अक्षर पानभर काढायचे, ओळीबाहेर गेले की खोडायचे, पान अपुरे राहिले तर घरी पूर्ण करायचे. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या यवतमध्ये हे चित्र इतर कुठल्याही वाढत्या गावाइतकेच सहज दिसते. ‘अंगणवाडीत नुसता खेळ असतो, नर्सरीत लिहायला शिकवतात,’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. चार पैसे साठवून मुलाला नर्सरीत घालणाऱ्या आईबापांची तळमळ खरी आहे. पण तीन वर्षांच्या मुलाने लिहायला लागणे म्हणजे शिक्षणात पुढे जाणे, हा समज शरीरशास्त्राला धरून नाही.

मनगट अजून घडत असते

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. म्हणून नवजात बाळाच्या हाताच्या एक्स-रेमध्ये मनगटाच्या जागी मोकळी जागा दिसते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडांमध्ये कॅल्शियम साठू लागते आणि ती दिसायला लागतात. तिसरे हाड साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसते. पुढची चार चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या आसपास एकेक करून उमटतात. आठवे, वाटाण्याएवढे हाड दिसायला आठ ते बारा वर्षे लागतात. मुलींमध्ये हा क्रम थोडा लवकर पुरा होतो. मुलाच्या हाडांचे वय ठरवण्यासाठी डॉक्टर हाताचा एक्स-रे काढतात, तो याच क्रमाच्या आधारावर.

हाड मऊ असले म्हणजे हात चालत नाही, असे नाही. लिहिण्याची खरी अडचण स्नायूंची आणि त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंची असते. शरीरावरचा ताबा मोठ्या सांध्यांकडून लहान सांध्यांकडे सरकत जातो. आधी खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटांची टोके. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि अख्खा हात हलवून रेघोट्या मारते. दोन-तीन वर्षांचे मूल तो बोटांनी धरते, पण हालचाल अजून कोपर-मनगटातून होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्यात पेन्सिल धरून फक्त बोटे हलवणे बहुतेक मुलांना साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमते. काहींना थोडे आधी, काहींना थोडे नंतर.

त्याआधी बारीक चौकटीत लिहायला लावले, तर मूल पेन्सिल आवळून धरते, खांदा उचलते, पाच मिनिटांत हात दुखतो म्हणून रडते. आवळून धरण्याची ही सवय पुढेही टिकू शकते. मुख्य म्हणजे ‘मला जमत नाही’ ही भावना शिक्षणाच्या पहिल्याच पायरीवर मनात बसते. झाडाच्या फांदीला लोंबकळणे, पाण्याची लहान कळशी उचलणे, ओला रुमाल पिळणे, पीठ मळणे या गोष्टी लेखनाची पूर्वतयारीच आहेत. खांद्यापासून बोटांपर्यंत हात त्यांतूनच तयार होतो.

मेंदूतला हाताचा नकाशा

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. रुग्ण जागा असताना ते मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा अगदी सौम्य स्पर्श करत आणि शरीराचा कोणता भाग हलतो किंवा कुठे मुंग्या येतात, याची नोंद ठेवत. १९३७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातून तयार झालेला नकाशा आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. त्या नकाशात पाठ आणि पोट यांना चिंचोळी पट्टी मिळते. हात, ओठ आणि जीभ यांना मात्र भरपूर जागा. त्या प्रमाणात माणसाचे चित्र काढले, तर किडकिडीत अंगाला सुपाएवढे पंजे जोडलेले दिसतात.

मेंदूतल्या पेशींचे आपापसांतले जोड पहिल्या काही वर्षांत झपाट्याने वाढतात. जे जोड वारंवार वापरात येतात ते पक्के होतात. जे वापरले जात नाहीत ते हळूहळू गळून पडतात. मूल हाताने जे करते, त्याचा या घडणीत मोठा वाटा असतो. ‘पाच’ हा आकडा पाटीवर गिरवणाऱ्या मुलाला एक आकार कळतो. पाच चिंचोके मोजून डब्यात टाकणाऱ्या, त्यातले दोन बहिणीला देऊन ‘आता किती राहिले’ हे पाहणाऱ्या मुलाला ‘पाच’ म्हणजे काय ते कळते. पुढे वजाबाकी याच पायावर उभी राहते.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये एक लहानसा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, तर काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरे दाखवून त्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. मोठ्या माणसांच्या मेंदूचे जे भाग वाचताना कामाला लागतात, ते हाताने मोकळेपणी काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत मुलांमध्येही जागे झालेले दिसले. गिरवलेल्या किंवा कळ दाबून उमटवलेल्या अक्षरांना तसा प्रतिसाद मिळाला नाही. म्हणजे लेखनाला विरोध करण्याचे कारण नाही. हात तयार झाल्यावर मुलाने अक्षर स्वतःच्या हाताने, वेडेवाकडे का होईना, काढावे. वाळूत, पिठात, ओल्या बोटाने फरशीवर काढावे. ठिपके जोडून पाने भरण्यापेक्षा ते अधिक उपयोगी.

दोन स्थानकांवरचा वारसा

हा विचार परदेशातून आलेले नवे खूळ वाटण्याचा संभव आहे. पण यवतहून रेल्वेने दौंडकडे निघाले, तर खुटबावनंतरचे स्थानक केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी. तिथे त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यानाची पद्धत पाहिली. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत अशी पहिली शाळा काढली होती. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या, माती आणि बागकाम ही तिथली पाठ्यपुस्तके. रमाबाई नुसत्या पाहून थांबल्या नाहीत. त्यांनी या पद्धतीचे शिक्षक-प्रशिक्षण घेतले आणि मराठीत मुलांसाठी पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. ते पुढे पुण्याला आले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली-बायांना आसरा देताना केडगावचा परिसर उभा राहिला.

केडगावात हाताचे काम शिक्षणाच्या मध्यभागी होते. विणकाम, छपाई, शेती, तेलाचा घाणा अशी कामे मुली शिकत. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी तिथल्या अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. बोटांच्या टोकांना उंचवट्याचे सहा ठिपके ओळखता येतात आणि त्यांतून अख्खे पुस्तक वाचता येते, हे दौंड तालुक्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

पुढचा दुवाही पुणे जिल्ह्यातलाच. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० मध्ये मोरगावचा. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पाने, दगड, माती यांतून साधने तयार झाली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिकवण्याच्या आधी मुलांची नखे, केस, आंघोळ पाहिली जाई. शिक्षण आणि आरोग्य अशा दोन वेगळ्या फायली तिथे नव्हत्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या बरोबरीने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वशालेय शिक्षण हा या योजनेचा पहिल्यापासूनचा भाग आहे. लोकांच्या मनात मात्र अंगणवाडी म्हणजे खाऊचे ठिकाण, एवढेच राहिले.

खाऊ आणि खेळ, दोन्ही

खाऊ आणि खेळ यांपैकी जास्त मोलाचे काय, या प्रश्नाचे उत्तर जमैकाने दिले आहे. राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ मुले सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या चमूने निवडली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाची पावडर मिळाली. दुसऱ्याच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई आणि आईला मुलाशी खेळायला शिकवी. खेळणी घरातल्या टाकाऊ डब्या-बाटल्यांची. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले, चौथ्याला यांपैकी काही नाही. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहाराने मुलांचा विकास सुधारला, खेळानेही सुधारला आणि दोन्ही मिळालेल्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली होती. ही मुले मोठी होईपर्यंत संशोधकांनी त्यांचा माग ठेवला. वयाच्या २२ व्या वर्षाच्या सुमारास, लहानपणी खेळ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा दूरवरचा परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ आहार दुय्यम, असा काढणे धोक्याचे ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, तर सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्ताक्षय होता. लोह कमी पडलेले मूल लवकर दमते, मलूल असते, आईला चिकटून बसते; समोर ठेवलेल्या वस्तूकडे हात नेण्याचे कुतूहलच त्याच्यात कमी असते. बाई कितीही चांगल्या असल्या, तरी असे मूल खेळात रमत नाही. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना आठवड्यातून दोनदा दिले जाणारे लोहाचे औषध चुकवू नये. यवतच्या पंचक्रोशीत गुऱ्हाळे पुष्कळ. ‘गुळात लोह असते’ म्हणून मुलाला रोज खडा देणारी घरेही पुष्कळ. गुळातले लोह मुलाची गरज भागवण्याइतके नसते आणि दात मात्र किडतात. पालेभाज्या, कडधान्ये, अंडी, सोबत लिंबू किंवा पेरू हा मार्ग बरा.

घरात आणि अंगणवाडीत काय करता येईल

हाताने शिकण्यासाठी दुकानातली साधने लागत नाहीत. सहा ते अठरा महिन्यांच्या बाळाला स्टीलची वाटी, लाकडी चमचा, कापडी चेंडू पुरतात. दोन-तीन वर्षांचे मूल पाण्याने एका भांड्यातून दुसरे भरते, डब्यांची झाकणे लावते-काढते, मोठे बटाटे-कांदे वेगळे करते. चार वर्षांचे मूल शेंगा सोलते, मटार काढते, मेथी निवडते, धुतलेले रुमाल पिळून दोरीवर टाकते. पाच वर्षांच्या मुलाला लसूण सोलणे, सुईविना जाड दोऱ्यात फुले ओवणे, बोथट कात्रीने कागद कापणे जमते.

सण तर हाताच्या शिक्षणाचे वेळापत्रकच आहेत. पोळ्याला मातीचे बैल, ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, दिवाळीचा किल्ला, दारातली रांगोळी. किल्ल्यावर पेरलेले हळीव दोन-तीन दिवसांत उगवतात. एका बुरुजावर पाणी घातले, दुसऱ्यावर नाही, तर काय होते, हे मुलाने स्वतः पाहिले की तो त्याचा विज्ञानातला पहिला प्रयोग असतो. या सगळ्यात मोठ्यांचे एक काम महत्त्वाचे: बोलत राहणे आणि उत्तर सांगण्याची घाई न करणे. ‘हा गोळा का फाटला असेल?’ असे विचारून क्षणभर थांबले, की मुलाचा हात आणि डोके एकत्र चालू लागतात. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा मोबाइल-टीव्हीसमोरचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. पडद्यावर बोट सरकवताना वजन, खरबरीतपणा, ओलावा यांतले काहीच हाताला कळत नाही.

काळजी घेण्याच्या जागा

मुले हाती येईल ते तोंडात घालतात, नाकात-कानात सारतात. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, मणी, गोट्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊच नयेत. मोठ्या मुलांना बिया दिल्या, तर खेळाआधी आणि खेळानंतर मोजाव्यात. मोजणीचाही पाठ होतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर नाकात काहीतरी अडकले असल्याची शंका घ्यावी. चिमटा, काडी, पाणी, तेल असे घरगुती प्रयोग करू नयेत. ओलाव्याने बी फुगते आणि ढकलल्याने आत जाते.

खेळता-खेळता मुलाला अचानक ठसका लागला आणि ते जोरात खोकू शकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज निघेना, श्वास घेता येईना, तर वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थापा द्याव्यात. वस्तू निघाली नाही, तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. वर्षाखालील बाळाचे पोट दाबू नये. त्याला पालथे धरून पाठीवर थापा आणि उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी दाब द्यावा. दिसत नसलेली वस्तू बोट घालून काढायला जाऊ नये. मदतीसाठी १०८ क्रमांक फिरवावा. ठसका थांबला तरी नंतर खोकला किंवा श्वासाचा शिट्टीसारखा आवाज राहिला, तर रुग्णालयात दाखवावे. खेळण्यातली किंवा रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली, तर एक मिनिटही वाट पाहू नये. ती दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते.

मातीला घाबरू नये, पण माती खेळल्यावर साबणाने हात धुण्याला सुट्टी नाही. नखे आठवड्याला कापावीत. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नये. जुना रंग उडालेली, पोपडे निघणारी खेळणी टाकून द्यावीत. रंगात शिसे असू शकते आणि शिसे मेंदूला अपाय करते.

हातांकडे लक्ष दिले, की आजारही लवकर सापडतात. वर्षाच्या आतले बाळ एकच हात वापरत असेल, दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल, तर ‘डावखुरे होणार’ म्हणून कौतुक करत बसू नये. त्या दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते. वर्षाच्या सुमारास चुरमुऱ्याएवढी वस्तू अंगठा-बोटाच्या चिमटीत उचलता यावी. दोन वर्षांचे मूल सहा ठोकळ्यांचा मनोरा रचते, तीन वर्षांचे गोल पाहून गोल काढते. यात बराच उशीर दिसला, किंवा येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, तर वाट पाहू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये आणि मनातली शंका पथकातल्या डॉक्टरांना विचारावी. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितका फायदा जास्त.

धोरण बदलले, उंबरठा उरला

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय आराखड्याने खेळातून शिकण्यावर भर दिला आणि या वयात परीक्षा घेणे अयोग्य ठरवले. २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या असलेली ‘जादुई पिटारा’ ही पेटी आली. त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांसाठी ‘पोषण भी पढ़ाई भी’ हा उपक्रम सुरू झाला. कागदावर दिशा योग्य आहे. सेविकेला मात्र वजने घ्यायची, आहार वाटायचा, गृहभेटी द्यायच्या आणि मोबाइलवर नोंदी भरायच्या. त्यातून मुलांसोबत मातीत बसायला उरणारा वेळ हाच खरा प्रश्न आहे. पालकांनी ‘अजून लिहायला का शिकवत नाही’ असे टोचत राहिले, तर तो थोडा वेळही पाटी गिरवून घेण्यात जातो.

आणखी काही मुले आहेत. ऊस सुरू झाला, की तोडणीवर आणि गुऱ्हाळांवर बाहेरगावची कुटुंबे येतात. त्यांची लेकरे उकळत्या काहिलीच्या आणि उसाच्या चरकाच्या आसपास खेळत असतात. चरकात सापडलेला हात आणि काहिलीतल्या रसाने भाजलेले अंग या ग्रामीण डॉक्टरांच्या ओळखीच्या दुखापती आहेत. या मुलांना कामाच्या जागेपासून दूर, सुरक्षित जागी चार तास बसता येईल, गरम खाऊ मिळेल आणि हाताला काम मिळेल, अशी जागा जवळच्या अंगणवाडीतच आहे. बाहेरगावचे म्हणून मुलाला तिथे नाकारता येत नाही. गुऱ्हाळमालकाने, तोडणीच्या मुकादमाने आणि शेजारच्या शेतकऱ्याने त्यांना एकदा तिथवर पोचवले, तर ताराबाई-अनुताईंनी अंगणात नेलेली बालवाडी उसाच्या फडापर्यंत पोचेल.

बाकीच्या पालकांना फार काही करायचे नाही. मूल दुपारी घरी आले, की दप्तर उघडून वही तपासण्याआधी त्याचे हात पाहावेत. बोटांना माती, रंग, पीठ लागलेले असेल, तर साबणाने धुवून द्यावेत आणि ते कशाने माखले ते त्याच्याकडून ऐकावे. वही भरायला पुढे पहिली-दुसरी आहेच.